पुढच्या टाकीतलं पाणी

शेली, आयडाहो
९ मार्च

नेड्रा मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बाळ झोपलेलं असताना मला ओरडता येत नाही, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीतच आहे. दहावीच्या आत शाळा सुटली ती सुटलीच. हसायचं तर हस, पण उत्तर दे.

डॅलिननं टॉय हॉलर घेतली, पिकअपच्या मागं जोडून ओढायची. मला अंगणात बोलावलं, तर मी आधी विचारलं की हे घर कुणाचं आणि आपल्या दारात का उभं आहे. बत्तीस फूट लांब आहे ग. पुढच्या अर्ध्यात शेगडी, फ्रिज, न्हाणी, आमचा पलंग. मागचं अर्धं म्हणजे नुसतं गॅरेज. मागची भिंतच खाली आडवी होते आणि तिच्यावरून त्या वाळूत पळवायच्या चारचाकी क्वाड गाड्या सरळ आत चढवायच्या. मुक्कामाला पोचलं की गाड्या बाहेर आणि बटण दाबलं की छतातून पलंग खाली. म्हणजे दिवसभर जिथं पेट्रोलच्या गाड्या, तिथंच रात्री माझी मुलं.

आता तू म्हणशील, एवढी कशाला हवी. तर डॅलिनच्या चारही भावांकडे अशी आहे. दर ईस्टरला सगळे युटाला लिटल सहाराच्या वाळूत जातात, गाड्या गोल लावतात आणि पोरं त्या गोलात खेळतात. आम्ही पाच वर्षं तंबूत काढली. गेल्या वर्षी तंबू उडाला, तो थोरल्या दिरानं तीन टेकड्या पलीकडून आणला. ओक्लीचं लंगोट बदलायला दर वेळी जावेच्या दारावर टकटक करायची, तिचं "ये ना ग" ऐकायचं, आणि तिच्या फरशीकडे तिचं किती लक्ष आहे ते बघायचं. डॅलिन वर्षभर बटाट्याच्या गोदामात मशीनं दुरुस्त करतो, आठवड्याचे सहा दिवस. मुलांबरोबर मनासारखे मिळतात ते हेच तीन दिवस. टिली सहा वर्षांची आहे, ती तर हॉलर आल्यापासून जेवायलाही तिच्यातच बसते.

मला मात्र भीती वाटते. काल दुपारी मुलांना त्यात झोपवून बघितलं. विषारी वायू झाला तर वाजणारी घंटी असते, तिचं बटण मी चारदा दाबलं. चौथ्यांदा डॅलिन म्हणाला, वायूनं आपण मरणार नाही, तुझ्या घंटीनं मरू.

पण खरी भीती वजनाची. आमच्या पिकअपपेक्षा ही कितीतरी जड आहे. मागून एवढं धूड येत असेल तर ते आपल्याला ढकलत नाही का? तू तीस वर्षं ट्रेलरमध्ये घोडे भरून रोडिओच्या खेळांना हिंडलीस. तूच सांग.

तुझी शॅलिन


रूबी व्हॅली, नेवाडा
१४ मार्च

शॅलिनबाई,

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीनं काढल्यासारखं आहे, पण कोंबडी शहाणी दिसते.

आधी जावईबापूंचं अभिनंदन कर. बाकी नवरे स्वतःपुरती गाडी घेतात, यानं न्हाणीघरासकट घेतली. आणि तुझ्या त्या जावेला बोलावून कॉफी पाज. ती आत आली की तूही फरशीकडे बघत राहा.

आता वजनाचं. मी ओढायचे ते घोडे. घोडा मागं उभ्याउभ्या विचार करतो, नाचतो, शेजारणीला चावतो. तुझ्या क्वाड गाड्या पट्ट्यांनी बांधल्या की गप्प बसतात. तरी धाकधूक होत असेल तर नको ते वजन उतरव. तुझ्या सासूबाई ती निखाऱ्यावर ठेवायची ओतीव लोखंडाची भांडी डझनभर देतात ना, त्यातलं एकच घे. ओझं कमी केलंस की भीतीही कमी होईल. बाकी डॅलिनवर सोड. ज्या मुलानं माझ्या फाटकाची बिजागरी बसवायला तीनदा मोजमाप घेतलं, तो रस्त्यावर अंदाजानं काही करणार नाही.

नेड्रा


शेली
३० मार्च

मावशी,

मी तुला सांगितलं होतं ना मला भीती वाटते म्हणून.

ईस्टरच्या आधी एकदा जाऊन यावं, सराव होईल, म्हणून परवा शुक्रवारी निघालो. डॅलिननं गुरुवारीच सगळं भरून गोदामाच्या काट्यावर वजन करून आणलं होतं. शुक्रवारी कामावरून आला, जोडलं आणि निघालो. दोन्ही मुलं पिकअपमध्ये मागं. टिली गाणी म्हणत होती. खिंडीपर्यंत ठीक. मला वाटलं, उगाच घाबरले.

खिंड उतरायला लागलो आणि एक मोठा ट्रक बाजूनं गेला. त्याच्या वाऱ्यानं आमची हॉलर जराशी हलली. मग परत. मग मागचं ते सगळं घर कुत्र्याच्या शेपटासारखं हलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, आणि दर हेलकाव्याला पिकअपचं तोंड फिरत होतं. मी ओरडले, ब्रेक मार, ब्रेक मार. त्यानं नाही मारला. हातानं खालचं काहीतरी दाबून धरलं आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. किती वेळ गेला माहीत नाही. थांबलो तेव्हा बाजूच्या गवतात होतो. टिली म्हणाली, बाबा, अजून एकदा.

डॅलिन उतरला आणि कठड्याला धरून उभा राहिला. मग जुन्या रस्त्यानं हळूहळू घरी आलो.

घरी आल्यावर मी बोलले. मी म्हटलं, माझी मुलं यात पुन्हा बसणार नाहीत. त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, बरोबर आहे तुझं, विकून टाकू. गोदामातल्या फळ्यावर चिठ्ठी लावून आला. ब्लॅकफूट गावचा कुणी माणूस बारा तारखेला शनिवारी बघायला येणार आहे.

मी तर तू सांगितलंस तसं वजनही कमी केलं होतं, तरी असं झालं. म्हणजे ती गाडीच तशी आहे.

डॅलिन जेवण झालं की काट्याची ती पावती घेऊन बसतो. आकडे मांडतो, खोडतो, परत मांडतो. मी विचारलं काय बघतोस. म्हणाला, कुठं चुकलो ते बघतो.

शॅलिन


रूबी व्हॅली
३ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग गोठ्यात जाऊन आले, कारण मला बसवेना.

पहिली गोष्ट. त्यानं पायाचा ब्रेक मारला नाही म्हणून आज तू मला पत्र लिहिते आहेस. उतारावर मागचं धूड हलायला लागलं की दहातले नऊ जण घाबरून पाय दाबतात, आणि मग मागची गाडी पुढच्या गाडीला कवेत घेते. त्यानं नुसता ट्रेलरचा हाताचा ब्रेक धरला. हे त्याला कुणी सांगितलं का? नसेल तर तू सांग. तो कुठं चुकलो ते शोधतोय, आणि त्यानं जे बरोबर केलं ते त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

दुसरी गोष्ट. ती गाडी तशी नाही. कुठलीच गाडी तशी नसते. मागचं शेपूट हलतं ते पुढं वजन कमी पडल्यानं. घोडे भरताना जड घोडा नेहमी पुढं. एकदा मी घाईत जड घोडी मागं चढवली आणि विनेमका गावाच्या आधी माझं आयुष्य मला पहिल्यापासून दिसलं. तुमच्या त्या क्वाड गाड्या मागं असणार, त्याला इलाज नाही. म्हणजे त्यांना तोलायला पुढं काहीतरी जड पाहिजेच. बनवणारे मूर्ख नसतात. पुढं काय आहे? पाण्याची टाकी का?

आणि तिसरी गोष्ट, जी मला खटकते आहे. वजन कमी केलं म्हणतेस, ते काय उतरवलंस? भांडीच ना?

लगेच लिही.

नेड्रा


शेली
७ एप्रिल, सोमवार

मावशी,

भांडी नाही. पाणी.

तुझं पत्र टपालपेटीपाशीच उभ्यानं वाचलं आणि तिथंच गवतात बसले. ओक्ली कडेवर होता.

वाळूत पाणी मिळत नाही, म्हणून डॅलिननं गुरुवारी टाकी काठोकाठ भरली. पुढच्या पलंगाखाली आहे ती. शंभर गॅलन. मला कौतुकानं म्हणाला की नुसत्या पाण्याचंच आठशे पौंडांच्या वर वजन आहे. पुढं अजून काहीतरी सांगत होता, पण मी ओक्लीला अंघोळ घालत होते आणि मला फक्त आठशे ऐकू आलं. रात्रभर तो आकडा डोक्यात होता. शुक्रवारी तो कामावर गेल्यावर मी गाडीखाली सरपटत गेले आणि नळ उघडला. दोन तास पाणी चरात वाहत होतं. शेजारच्यांचं कुत्रं येऊन पिऊन गेलं. मग दुकानातून प्यायच्या पाण्याचे सहा कॅन आणले आणि न्हाणीत लपवले. मला वाटलं, पोचल्यावर सांगीन, तो हसेल. निघताना मला किती हलकं वाटत होतं, तुला काय सांगू.

परत आल्यावर तो म्हणाला, थंडी आहे, टाकीतलं पाणी गोठायच्या आधी सोडायला हवं. मी म्हटलं, मी सोडलं. खोटं नव्हतं. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं की त्या पाण्याचा काही संबंध आहे. आता माहीत आहे.

आणि डॅलिन आता मुलांना पिकअपमध्ये बसवतच नाही. टिलीला शाळेच्या बसपर्यंत चालत नेतो. काल चर्चला मुलांना माझ्या जुन्या गाडीतून मी घेऊन गेले, तो मागून एकटा आला. गुरुवारी ओक्लीला दात येताना ताप आला तर मला म्हणाला, डॉक्टरकडे तू ने. मी म्हटलं तू चालव ना, मी त्याला धरते. तर म्हणाला, तूच चालव, बरं असतं ते.

शनिवारी तो माणूस येतोय. मी तुला खरं खरं विचारते, शिव्या देऊ नकोस. हॉलर विकली गेली तर हे सगळं संपेलच ना? ईस्टरला परत तंबू. तो विसरेल हळूहळू. मग सांगायलाच हवं का? मला त्याच्या चेहऱ्याची भीती वाटते. खिंडीपेक्षा जास्त.

शॅलिन


रूबी व्हॅली
१० एप्रिल

शॅलिन,

टपालातल्या मुलीला सांगून हे घाईच्या डाकेनं पाठवते आहे. शनिवारच्या आत पोचलं तर देव पावला.

शिव्या तुला नाही, मला. वजन उतरव असं लिहिणारी म्हातारी मी. तीस वर्षं गाड्या ओढल्या आणि कुठलं वजन, ते लिहायचं सुचलं नाही. माझ्या ट्रेलरला पाण्याची टाकी कधी नव्हतीच. त्याला सांगताना माझंही नाव घे, अर्धं माझ्यावर टाक. मी लांब आहे आणि बहिरी आहे, मला काही होत नाही.

पण सांग. हॉलर विकली जाईल आणि त्याच्या डोक्यात राहील ते कुणी विकत घेणार नाही. टिली अठरा वर्षांची होईल तरी तो तिला बसपर्यंत चालत नेईल.

मी त्याला लिहिणार नाही. हे तुझं आहे.

नेड्रा


शेली
२२ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. म्हणून याचं श्रेय तुला नाही.

तो ब्लॅकफूटचा माणूस सकाळी दहाला आला, बायकोला घेऊन. दोघं साठीचे. बाई आत जाऊन कपाटं उघडून बघत होत्या आणि बुवा चाकांना बुटानं ठोकत होते. मी ओक्लीला घेऊन पायरीवर बसले होते. मनात म्हणत होते, घ्या बाबा लवकर आणि जा.

बुवा म्हणाले, आवडली. तेव्हा डॅलिन म्हणाला, विकायच्या आधी एक सांगायला हवं. खिशातून ती काट्याची पावती काढली, किती वेळा घडी घालून फाटत आली होती, आणि त्यांना दाखवली. म्हणाला, वजन बरोबर होतं, तरी खिंडीत माझ्याकडून ही आवरली नाही. मुलं बरोबर होती. गाडीत खोट नाही, चूक माझीच आहे, फक्त कुठली ते मला सापडत नाही.

मावशी, तो एका परक्या माणसाला हे सांगत होता. आपला सगळा कमीपणा उघडा करून, त्या माणसाची बायको सुखरूप राहावी म्हणून. आणि मी तिथं बसले होते.

मी म्हटलं, "पाणी मी सोडलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुढच्या टाकीतलं. निघायच्या दिवशी सकाळी. सगळं. जड होतं म्हणून मला भीती वाटली."

डॅलिननं पावतीकडे बघितलं, मग पुढच्या बाजूला टाकी आहे तिथं बघितलं. बुवांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्या बाई दारातून विचारत होत्या, कुठलं पाणी, काय झालं, तर बुवांनी त्यांना हळू आवाजात समजावलं. त्या खाली उतरल्या, माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या की लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बुवांची बोट स्वच्छ धुतली आणि तळाचं बूच धुऊन खिडकीत वाळत ठेवलं. बोट तळ्यात उतरवल्यावर कळलं. बुवा म्हणाले, अजून तळाशीच आहे ती. मग त्यांनी टोपी घातली, आम्हाला दुसरी बघू म्हणाले आणि बायकोला घेऊन गेले.

डॅलिन हॉलरच्या आडव्या केलेल्या मागच्या भिंतीवर जाऊन बसला. मला विचारलं, तुला कधी कळलं. मी म्हटलं सोमवारी. म्हणाला, म्हणजे पाच दिवस. मी म्हटलं हो. मग उठून पिकअप धुतली, स्वच्छच होती तरी. मला वाटत होतं ओरड रे बाबा. तुझं पत्र आलं ते मी त्याच्यापुढे ठेवलं, आधीचंही ठेवलं, ब्रेकचं लिहिलेलं. ते त्यानं उभ्यानं वाचलं, परत वाचलं.

मग म्हणाला, "मला वाटत होतं माझ्या हातून मुलं गेली असती."

मी म्हटलं, "तुझ्याच हातानं राहिली."

तो रडला ग. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, त्याचे बाबा गेले तेव्हाही नाही. मग डोळे पुसले आणि रागावलाही, रागावला ते बरं वाटलं. म्हणाला, यापुढे भीती वाटली तर मला सांग, नळाला सांगू नकोस. आणि तुझ्या मावशीला लिही की पुढच्या वेळी सल्ला देताना आधी घोडा का हॉलर ते विचारत जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दोन्ही मुलांना पिकअपमध्ये बसवलं आणि आइस्क्रीम खायला घेऊन गेला. मी खिडकीत उभी होते. घाबरलेलीच, पण या वेळी त्याच्यासाठी. परत आले तेव्हा ओक्लीच्या कानात आइस्क्रीम होतं.

ईस्टरला गेलो आम्ही. हॉलर घेऊन. निघायच्या आधी मला गोदामाच्या काट्यावर नेलं. पाण्याशिवाय पिकअपच्या जोडावर किती भार येतो तो आकडा दाखवला, मग पाणी भरून किती तो. शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मी अजून शिकत असते. खिंड उतरताना मी सबंध वेळ आरशात बघत होते आणि हॉलर मागून सरळ, शांत, दावणीच्या गाईसारखी येत होती. दोन ट्रक बाजूनं गेले. काही नाही.

वाळूत मजा आली. पाच गाड्यांचा गोल पुरा झाला. टिलीच्या छोट्या क्वाडला उंच काठीवर केशरी झेंडा लावला, टेकडीपलीकडून दुसऱ्यांना दिसावा म्हणून, तर दिवसभर नुसता झेंडाच पळताना दिसायचा. मी त्या झेंड्यावरून नजर काढली नाही, जावा हसत होत्या. अंडी वाळूत पुरून शोधली, निम्मी अजून तिथंच असतील. सासूबाईंचे निखाऱ्यावरचे बटाटे दाताखाली कचकच वाजत होते, तरी संपले. आणि थोरली जाऊ आमच्या न्हाणीत आली तेव्हा मी फरशीकडे बघायचं ठरवलं होतं, पण तिच्या पायांना एवढी वाळू होती की मला हसूच आलं, मग तिलाही.

भीती गेली असं समजू नकोस. घंटी मी रोज दाबते. फक्त आता सांगून दाबते.

येताना पोकाटेलोला पेट्रोल भरलं आणि डॅलिननं किल्ली माझ्यापुढे धरली. म्हणाला, इथून घरापर्यंत सपाट आहे. मी म्हटलं मला नाही जमणार. म्हणाला, पाणी अजून बरंच आहे, मी बघितलं, थोडं वापरलं त्याऐवजी लाकडं पुढं सरकवली आहेत. मी बसले. पंचावन्नच्या वर काटा जाऊ दिला नाही. माझ्या मागं गाड्यांची लांबलचक रांग आणि माझ्याकडे बघून हॉर्न देणारे लोक. ट्रक शेजारून गेला की मी मोठ्यानं म्हणायचे, पायाचा ब्रेक नाही, पायाचा ब्रेक नाही. तिसऱ्या ट्रकला माझ्या लक्षात आलं की डॅलिन काहीच म्हणत नाहीये. बघितलं तर तो झोपला होता. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, मागं दोन्ही मुलंही तशीच.

आमचं फाटक आलं आणि मी पुढं गेले. बटाट्याच्या शेताला वळसा घातला, परत फाटक आलं, परत पुढं गेले. दुसऱ्या फेरीला शेजारच्या म्हाताऱ्यांनी पंप बंद करून बघितलं. आता तुला म्हणून सांगते, ही मागं घेऊन अंगणात लावायची कशी ते मला येत नाही, हे एक कारण होतंच. पण ते मोठं नाही. मी चालवत होते आणि तो झोपला होता, मावशी. मी तिसरी फेरीही मारली.

तुझी शॅलिन